बारा इंची वूफरचा पंचनामा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मुकुटबनच्या कपिलने गाडीच्या डिकीतून वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स ओढून काढला आणि वणीत, गाड्यांसाठी असे बॉक्स बनवणाऱ्या संघदीपच्या दुकानापुढे, धाडकन जमिनीवर टाकला.

"घे बे, तुहं खोकं!"

संघदीप कपिलपेक्षा चौदा वर्षांनी मोठा. तरीही त्याला 'बे' एवढं झोंबलं नाही जेवढं 'खोकं' झोंबलं. अठरा मिलीमीटर जाडीच्या एमडीएफच्या फळ्या, प्रत्येक जोडाला आतून फेव्हिकॉल आणि सिलिकॉन, वर काळं कार्पेट. नऊ वर्षांत बनवलेल्या एकाही बॉक्सचा जोड सुटला नव्हता.

आदल्या दिवशी कपिलने व्हिडिओ टाकला होता. त्यात वूफर फाटक्या पत्र्यासारखा वाजत होता आणि खाली ओळ होती: 'वणीच्या संघदीपचा बॉक्स, दीड महिन्यात खलास.' मंगळवारी नऊच्या सुमारास चंद्रपूरच्या देवीलालचा फोन आला. देवीलालच्या भाड्याने चालणाऱ्या चार गाड्यांचे बॉक्स संघदीप करणार होता, मापंही घेऊन झाली होती. देवीलाल म्हणाला, "जरा थांबू भाऊ. लोक व्हिडिओ दाखवून राह्यले." चंद्रपूरचं पहिलं काम त्या एका वाक्यावर अडलं.

बॉक्सला हात लावण्याआधी संघदीप गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारायचा. गाणी कोणती ऐकता, गाडी कोणत्या रस्त्यानं फिरते आणि डिकीत किती जागा देता. कपिलची उत्तरं त्याला तोंडपाठ होती: डीजेची गाणी, कोळसाखाणींचा मुकुटबन-वणी रस्ता, अर्धी डिकी. तेव्हाच त्याने सांगितलं होतं, "सील बॉक्स घे. चहूबाजूंनी बंद राह्यते. आवाज थोडा कमी, पण नेटका. कोळशाची धूळ आत जात नाही."

"मले छाती हलली पायजे," कपिल म्हणाला होता.

मग पोर्टवाला बॉक्स ठरला. अशा बॉक्सला एका बाजूला फट असते. आतली हवा तिच्यातून बाहेर ढकलली जाते आणि खालच्या पट्टीचा आवाज दुप्पट जाणवतो. ती फट किती रुंद आणि आत किती खोल, हे अंदाजपंचे चालत नाही. संघदीपने हिशेब मांडून दोन इंच उंच, बारा इंच रुंद आणि साडेचोवीस इंच खोल पोर्ट ठेवला. मग नेहमीप्रमाणे मागच्या फळीवर मार्करने लिहिलं: आतली जागा पावणेदोन घनफूट, पोर्टचं माप, तारीख. आणि शेवटी ठळक अक्षरात: आत काही भरू नये.

आता तोच बॉक्स रस्त्यावर आडवा पडला होता. संघदीप गुडघ्यावर बसला. वूफर आठ स्क्रूंनी बसवलेला होता. त्यातले सहा त्याचे, काळे, षटकोनी खाचेचे. दोन चकचकीत, चार खाचांचे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे. पोर्टच्या तोंडाशी काळ्या बारीक लेंड्या होत्या. वासही येत होता.

"हा कोणी उघडला?"

"कोणी नाही. तू नवा वूफर टाकून दे, विषय संपला."

"विषय तू मोबाइलवर टाकला न? मंग इथंच उघडतो. पाच जणांसमोर. काढ तुहा मोबाइल, कर शूटिंग!"

पंच गोळा करायला वेळ लागला नाही. शेजारच्या टपरीच्या रुखमाबाई हातातलं फडकं घेऊनच आल्या. त्यांच्या बाकावरचे दोन ट्रकवाले उठून आले. समोरून कार ॲक्सेसरीजवाला रजत आला. संघदीपकडे निम्मी गिऱ्हाइकं तोच पाठवायचा. पाचवे स्वतः पुंडलिकराव, कपिलचे वडील. ते गाडीतच बसले होते. ते दार उघडून सावकाश उतरले.

कपिलने मोबाइल धरला. मागे हटला असता तर लोकांनी हसायला कमी केलं नसतं.

आठवा स्क्रू निघाला. संघदीपने दोन्ही हातांनी वूफर उचलला. कडेचं रबर कुरतडलेलं, एका जागी कागदी पडदा बोटभर फाटलेला. खाली पांढराशुभ्र कापूस, काठोकाठ. त्यातल्या सरक्या फोडून खाल्लेल्या. आणि मधोमध खळगा करून चार गुलाबी पिल्लं.

"अगं मायबाई!" रुखमाबाई ओरडल्या. "उंदरीनचं बाळंतपण झालं इथं!"

ट्रकवाले खो खो हसले. संघदीपला हसू आलं नाही. साडेचोवीस इंचांचा जो पोर्ट त्याने सूतभरही चूक न करता कापला होता, तो उंदरांना आयतं बीळ झाला होता.

"कापूस कोणी भरला?"

कपिल मोबाइल खाली घेऊ लागला. बोलले पुंडलिकराव. "म्या भरला. पोरगं म्हणे, मोबाइलवर दाखवतेत, आत रुई भरली का आवाज वाढते. मंग घरचा असताना विकतचा कायले? पहिल्या वेच्याचा आहे, तीन किलो. एक बोंड किडकं नाही."

"काका, ते पॉलिस्टर राह्यते! आणि ते बी सील बॉक्समधी. इथं हवेचा रस्ताच बुजवला तुम्ही. अन् वरून सरकीसकट!"

"सरकी काढायले पायजे होती काय?"

"मागं लिहिलं होतं न, आत काही भरू नये!"

"वाचलं मी. मले वाटलं, दगडगोटे भरू नये. कापसानं कोणाचं काय बिघडते?"

म्हाताऱ्यावर रागावता येईना. संघदीप कपिलकडे वळला, तेव्हा मोबाइल खिशात गेलेला होता.

"शूटिंग?"

"बंद केलं."

"कापूस निघाला तेव्हा चालू होतं. म्या पाह्यलं. टाक ते, नाही तर पहिला व्हिडिओ काढ."

"पाहू."

रजतने संघदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे न भाऊ. आपलेच लोक आहेत. कायले वाढवतो?"

संघदीपने तो हात झटकला. वाढवलं कोणी? बॉक्स फेकला त्याने, नाव खराब केलं त्याने, आणि गप्प बसायचं संघदीपने! आत्ता दोन मिनिटांपूर्वी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच लोक आता पायाकडे पाहत होते. ट्रकवाले गाड्यांकडे निघालेसुद्धा.

"मी सांगीन कोणालेही," रुखमाबाई म्हणाल्या. "पण मले कोण विचारते?"

बाप-लेक बॉक्स तिथंच टाकून गेले. संघदीपने कापसाचा फोटो काढून देवीलालला पाठवला. तासाभराने उत्तर आलं: 'हा तुम्हीच भरला नसेल, हे कशावरून?' संघदीपने तो संदेश तीनदा वाचला. नऊ वर्षं बॉक्स बनवणारा माणूस स्वतःच्याच बॉक्समध्ये उंदीर पाळेल? पण उत्तर एकच होतं, आणि ते कपिलच्या मोबाइलमध्ये होतं. संध्याकाळी त्याने फोन केला. कपिल म्हणाला, "डिलीट झालं ते."

बुधवारी दुपारी पुंडलिकरावांचाच फोन आला. ते कापसाबद्दल विचारत होते: उंदरांनी नासवला तेवढा सोडून बाकीचा घरी आणता येईल का. संघदीपने दात-ओठ खाल्ले आणि सांगितलं, कापूस आहे तिथंच राहील, कारण तो पुरावा आहे.

"पुरावा कायले लागते? पोरापाशी आहे न ते शूटिंग. काल जेवताना त्याच्या मायले दाखवत होता. पिल्लं पाहून हसू आवरेना तिले."

"मंग मले पाठवा, काका. माहं काम अडलं आहे त्याच्यापायी."

"विचारून पाहतो त्याले."

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत क्लिप आली नव्हती. पहिला व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला होता. त्याच्याखाली कपिलने नवी ओळ जोडली होती: 'मॅटर सॉल्व्ह झाला. भाऊनं चूक मान्य केली.' ती वाचून रजतने खाली लाइकचा अंगठा टाकला होता. बॉक्स दुकानाच्या कोपऱ्यात, कापसासकट, सुतळीने बांधून ठेवलेला आहे. चार गाड्यांची मापं भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत. कापूस कोणी भरला ते संघदीपने देवीलालला सविस्तर लिहून कळवलं. तो मजकूर चार वाजून बारा मिनिटांनी वाचला गेला. उत्तर आलेलं नाही.