जाईबाईची मशीन

अकोल्याच्या ताजनापेठेत मशिदीचा बिनव्याजी कर्जाचा फंड कुद्दूसमियाँ सांभाळत. गरजूने वस्तू गहाण ठेवावी, पैसे न्यावेत आणि नेले तेवढेच आणून द्यावेत. कोणत्याही जातधर्माचा माणूस मियाँच्या भरवशावर येई.

एकसष्टच्या उन्हाळ्यात जाईबाई डोक्यावर शिलाई मशीन घेऊन आली. नवरा दवाखान्यात होता.

"व्याज किती घेसान, भाऊ?"

मियाँनी कानाला हात लावला. "तोबा! व्याज आमाले हराम. अन् गहाणाची वस्तू वापरली तं तेबी व्याजच. तुमची अमानत बांधून ठेवतो."

ठेवलीही. पण दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं, नफीसाचं लग्न जमलं, आणि शिंप्याने मजुरी तोंडाला येईल ती सांगितली. बायको म्हणाली, "मशीन घरातच पडून हाये. पोरगी शिवून घेईन आपले कपडे."

मियाँ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि नमाजाला निघून गेले.

जाईबाई पैसे फेडायला आली, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. ती पायरीशीच थबकली.

"हा तं माह्याच मशीनचा आवाज."

मियाँना मान वर करवेना. आतली खडखड थांबली. अर्धवट शिवलेला कुर्ता हातात घेऊन नफीसा दारात आली.

"शिवू द्या पोरीले," जाईबाई म्हणाली. "पण भाऊ, मशीन नाई म्हणून मी लोकाच्या वावरात निंदाले जाऊन राहिली. मले सांगतलं असतं तं मीच शिवून देल्लं असतं. मजुरी तरी भेटली असती."

"मी तुमच्याकडून व्याज खाल्लं, बाई," मियाँ कसेबसे बोलले. शिंप्याने सांगितली होती तेवढी मजुरी त्यांनी आपल्या खिशातून तिच्यापुढे ठेवली. राहू द्या, असं काही ती म्हणाली नाही. कर्जाचे पैसे मोजून दिले, मजुरी पदरात बांधली, मशीन डोक्यावर घेतली आणि गेली.

जुम्म्याच्या नमाजानंतर मियाँनी सगळ्यांसमोर घडलेलं सांगितलं आणि फंडाच्या पेटीची किल्ली पुढे केली. कोणीतरी अडवील, असं त्यांना आतून वाटत होतं. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. किल्ली मुकाट्याने घेतली गेली.

नफीसा आईचे जुने कपडे घालून निकाहाला बसली. जाईबाईच्या मशीनवर शिवलेले नवे कपडे तिने घातले नाहीत.