तुर्गुन-अकांचा चिल्ला

ताश्कंदच्या अग्निशमन खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून घासलेल्या माणसाच्या दोन खोडी काही सुटत नाहीत: धूर हुंगत फिरणं आणि पाट्या लिहिणं. तुर्गुन-अकांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या घरात न्हाणीच्या दारावर 'निसरडे', शेगडीवर 'गरम' आणि अंगणातल्या द्राक्षवेलीखाली 'डोके सांभाळा' अशा पाट्या होत्याच. त्यांची बायको सनोबर म्हणायची, "माझ्या कपाळावर तेवढी 'बायको' अशी पाटी लावायची राहिलीय."

त्यांची लेक लोबार सातव्या महिन्यात होती. बाळाचा चिल्ला, म्हणजे जन्मानंतरचे चाळीस दिवस, आपल्याच घरी होणार, असं अकांनी चहाच्या टपरीवर जाहीरही करून टाकलं होतं. लेकीला तेवढं विचारायचं राहिलं होतं. तिच्या कानावर आलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमच्या हाताखाली कॅनरी गेली, मासे गेले, आईचं लिंबाचं झाडसुद्धा गेलं. मी दहा दिवस समरकंदला सासरी चाललेय. माझ्या पाळलेल्या गेकोनं अंडं घातलंय, ते या आठवड्यात फुटेल. पिल्लू जगवून दाखवा, मग बाळाचं बोलू."

अंड्याच्या डब्यासोबत तिनं सूचनांचा एक कागद दिला. अकांनी तो घडी करून खिशात टाकला. जन्मभर दुसऱ्यांना सूचना लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या कशाला वाचेल?

दुसऱ्याच दिवशी अंडं फुटलं आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं, करंगळीएवढं पिल्लू बाहेर आलं. अकांचा ऊर भरून आला. त्यांनी डबा थेट पाहुण्यांच्या खोलीत, चांगल्या रजयांच्या शेजारी नेऊन ठेवला. चिल्ल्यात अंधार नको म्हणून दिवा चोवीस तास चालू. रात्री फिरणारं ते बिचारं जनावर डोळे मिचकावत एका कोपऱ्यात बसलं. दारावर पाटी लागली: 'चिल्ला चालू आहे. परक्यांनी आत येऊ नये.'

सनोबर शेजारच्या लग्नातला पुलाव खाऊन आली, तर तिलाच उंबऱ्यावर अडवलं.

"थांब. लग्नघरातून आलीयेस. चिल्ल्यातल्या जिवाला बाहेरचं वारं बाधतं."

"पालीला?"

"गेको म्हण."

"लोबार झाली तेव्हा तुम्ही अंग्रेनला कुठल्याशा गोदामाच्या शिड्या मोजत होतात. सतराव्या दिवशी उगवलात, आणि चिखलाच्या बुटांनी थेट पाळण्यापाशी. तेव्हा नाही बाधलं वारं?"

अकांनी पाटीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाचे पट्टे फिकट झाले. दुपारपर्यंत ते पिठात लोळल्यासारखं पांढरंफटक पडलं. किड्यांकडे बघेना. अकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डब्यातली खरी पाल मात्र ढिम्म बसून होती. यामागचं कारण अकांना पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच डबा टॉवेलात गुंडाळून टपरीवर नेला होता. बायकोला बंदी, पण आठ रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना दर्शन! त्यातला एक जाडा खाटीक "काय डोळे आहेत हो" म्हणाला आणि थुंकलाही नाही. लागली दृष्ट. आता लोबार बाळ घेऊन या घरात कशाला पाऊल टाकेल?

दृष्टीवर उपाय एकच, इसिरिक नावाच्या रानझुडपाची धुरी. वारं नको म्हणून अकांनी खिडकी घट्ट लावली, तव्यात निखारे घेतले आणि वर वाळलेल्या इसिरिकच्या दोन मुठी टाकल्या. एक मूठ पुरली असती. पण अकांना अर्धवट काम खपत नाही. डब्याभोवती तवा ओवाळताना तिसऱ्या फेरीला खोलीत स्वतःचा हात दिसेना. ज्या माणसानं धुरापायी निम्म्या ताश्कंदची दुकानं बंद पाडली, तो खोकत, डोळे पुसत, डबा चाचपत होता. पिल्लू सैरावैरा पळालं. अकांनी त्याला पकडलं, आणि त्यांच्या बोटांत राहिली नुसती वळवळणारी शेपटी.

"मारलंत?" दारातून सनोबरनं विचारलं.

पिल्लाला टोपीत घालून अका अनवाणीच कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी टोपीत डोकावून पाहिलं. पिल्लू अंगावरचं पांढरं कातडं ओरबाडून काढत होतं आणि मिटक्या मारत खात होतं. खालून नवे कोरे पट्टे चमकत होते.

"कात टाकतोय, अका. पहिली कात पडेपर्यंत पिल्लं खातच नाहीत. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

अकांनी खिशातला कागद काढला. पहिलीच ओळ होती: 'पांढरा पडला तर घाबरू नका. हात लावू नका.'

लोबार परतली तेव्हा अका डबा घेऊन अंगणातच उभे होते. सात दिवस ते त्याच्याशेजारी जमिनीवर निजले होते, हेही खरं.

"जगवलं बघ. दिवसाला पाच किडे खातो."

"शेपूट कुठाय?"

"येतं परत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

लोबारनं पोटावर हात ठेवला. "बाळाची बोटं परत येत नाहीत, दादा."

अकांची मान खाली गेली. तीस वर्षांत त्यांना असं कुणी सुनावलं नव्हतं, आणि सुनावलेलं खोटंही नव्हतं.

ऑगस्टअखेर लोबारला मुलगी झाली, आणि सनोबरनं शब्द टाकल्यामुळे चिल्ल्याला इथेच आली, पाहुण्यांच्या खोलीत. दारावर अकांचीच जुनी पाटी होती. लोबारनं पेन्सिलीनं दोनच शब्द वाढवले होते: 'परक्यांनी व दादांनी आत येऊ नये.'

अका बाहेर बाजेवर बसले होते, मांडीवर डबा. आत नात रडली तसे ते ताडकन उठले. दारापाशी गेले, आपलंच अक्षर वाचलं आणि परत येऊन बसले. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"अगं," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "खिडकी उघडी आहे ना?"

"उघडी आहे," आतून सनोबर म्हणाली.