हाडांची गोळी

सिंधुबाईंच्या तोंडाला लागू नये, हे मखमलाबाद रोडवरच्या त्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. वॉचमनसुद्धा त्यांना बघितलं की मोटार चालू करायच्या निमित्तानं टाकीकडे पळायचा. उज्वलाला पळता येत नव्हतं, कारण ती पडली सून.

त्या रविवारी सकाळी सिंधुबाई हॉलमध्ये पेपर पसरून डिंक निवडत बसल्या होत्या. लेक तेजस्विनी जर्मनीत, पहिल्या बाळंतपणाला टेकलेली. लाडू करून आई तिकडे जाणार, लेकीचं बाळंतपण करणार, तीन महिने राहणार. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मंगळवारी मुंबईला व्हिसाची तारीख होती. सोबत प्रवासाच्या विम्याचा कागद नसेल तर तिकडचा व्हिसा मिळत नाही, म्हणून विमावाला सुनील घरी यायचा होता.

"मी निवडू का आई थोडा?" उज्वलानं विचारलं.

"नको. तुझ्या हातात दिला तर खडेच खाऊ घालशील माझ्या लेकीला. तुला कापायला लावायचं कळतं, निवडायचं नाय."

आता हे कापणं काय, ते सांगितलंच पाहिजे. चार वर्षांपूर्वी सिंधुबाईंच्या डाव्या छातीत गाठ लागली. तपासणीत कॅन्सर निघाला. त्यांच्या मुलानं, शेखरनं, दवाखान्याच्या जिन्यातच बायकोला बजावलं, "आईला कळता कामा नये. ती हाय खाईल. आपल्यात सांगत नाहीत." आणि खरंच नाहीत सांगत. आजाऱ्यापुढे आजाराचं नाव घेणं म्हणजे आपल्याकडे पाप. घरी येऊन त्यानं उज्वलाला वणीच्या देवीची शपथ घ्यायला लावली. कुणापाशी बोलायचं नाही, स्वतःच्या आईपाशीसुद्धा नाही.

मग साध्या गाठीच्या नावाखाली छाती काढली. मशीनचे शेक झाले. पुढे रोज रात्री एक गोळी सुरू झाली, ती 'हाडांची' म्हणून. बिनपगारी रजा काढली उज्वलानं. जखम धुतली उज्वलानं. ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा तिचीच, कारण शेखरसाहेबांना त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. शुद्धीवर आल्यावर सिंधुबाईंनी छातीवर हात नेला आणि विचारलं, "साध्या गाठीला एवढं कापलं? सही कुणी केली?"

"उज्वलानं," शेखर म्हणाला. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या दिवसापासून सिंधुबाईंनी भजनी मंडळात सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, पाहुण्यारावळ्यांत सांगितलं की सुनेनं धडधाकट बाईची छाती कापायला लावली. मागच्या वर्षी विंचूरला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, लंकाबाईकडे लग्न होतं. तिथे भर पंगतीत उज्वलाच्या आईकडे बघून त्या म्हणाल्या, "काय बाई शिकवून पाठवतात लोक पोरींना! सासूच्या अंगाला सुरी लावती." पंगतीतल्या बायका माना डोलावत राहिल्या. उज्वलाची आई भरल्या पानावरून उठली, ती आजपर्यंत या घराची पायरी चढलेली नाही. आणि आईला खरं सांगायची सोय उज्वलाला नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सुनील आला. खुर्ची ओढून त्यानं लॅपटॉप उघडला.

"सत्तरीच्या पुढे कंपन्या नाकं मुरडतात मावशी," तो म्हणाला. "माझ्याकडे धड अशा दोनच पॉलिसी आहेत. पहिली स्वस्त. पडलं, झडलं, ताप आला, बॅग हरवली, तर मिळेल. जुन्या आजारातून काही उद्भवलं तर एक पैसा नाही. दुसरी तिप्पट महाग. हिच्यात जुने आजार आधी सांगायचे. तिकडे जिवावर बेतलं तर त्यांचाही खर्च ठरावीक रकमेपर्यंत मिळतो. पण कंपनीचा डॉक्टर आधी फोनवर बोलून घेतो."

"पहिलीच घे," शेखर म्हणाला. "आईला कसला आलाय जुना आजार?"

"भाऊ, पहिलीतही विचारतात. ऑपरेशन झालंय का, गोळ्या चालू आहेत का."

"नाही टाक."

"नाही कसं?" सिंधुबाईंनी डिंक खाली ठेवला. "ऑपरेशन झालंय की! विचार हिला, हिनंच करवलं. आन् गोळी चालूच हाय, हाडांची. रोज रात्री देती मला."

"हाडांची म्हणजे नाव काय मावशी? नाव टाकावं लागतं."

शेखरनं बायकोकडे बघून डोळे वटारले. उज्वलाला ती नजर पाठ होती. चार वर्षं ती याच नजरेला भिऊन गप्प बसली होती.

"कॅल्शियम टाक रे कायतरी," शेखर म्हणाला. "कोण बघतंय?"

"कॅल्शियम टाकू नका, सुनीलभाऊ," उज्वला म्हणाली. "दुसरी पॉलिसी घ्या. महाग असली तरी तीच."

"उज्वला!"

"खोटं लिहिलं आणि तिकडे काही झालं तर काय होईल, ते तुम्हीच सांगा यांना, सुनीलभाऊ."

सुनीलनं कान खाजवला. नवरा-बायकोच्या मधे पडायची त्याची इच्छा नव्हती, पण धंद्याची गोष्ट होती. "खोटं निघालं तर अख्खी पॉलिसीच रद्द करू शकतात. मग पाय मोडला तरी हात वर करतील. तिकडच्या दवाखान्याचं बिल तेजस्विनीताईंच्या गळ्यात."

"आणि खरं सांगितलं आणि यांनी विमाच नाकारला तर?" शेखर उसळला. "मग व्हिसा नाही. आई इथेच बसेल. ते चालेल तुला?"

एवढं ऐकायचा अवकाश, सिंधुबाईंचा पारा चढला. त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"आत्ता कळलं! हिला मी जायलाच नकोय. माझ्या लेकीचं बाळंतपण मी केलेलं हिला बघवत नाय. एकदा कापलं, आता पाय तोडायला निघाली. अगं, काय वाकडं केलंय मी तुझं? माझा हा हात बघ." त्यांनी डावा हात पुढे केला. ऑपरेशनपासून तो हात सुजायचा, ब्लाऊजची बाही दंडात रुतायची. "छाती नेली ती नेली, हाताचाबी खांब केला. आन् आता लेकीपासूनबी तोडती? कैदाशीण!"

"आई, मी तुम्हाला तोडत नाहीये."

"मग नाय टाकू दे ना त्याला! एक गाठ होती. गेली. तिचं काय एवढं?"

"ती परत येऊ शकते."

"गाठ? परत येऊन करणार काय ती?"

"उज्वला, बस झालं!" शेखर ओरडला. "शपथ आहे तुला."

ऐका आता. शपथेचं नाव काढलं आणि तिथेच त्याचं चुकलं. उज्वलाच्या डोळ्यांपुढे भरल्या पानावरून उठणारी आई आली. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो तिनं गिळला नाही.

"आई, ती साधी गाठ नव्हती. तुम्हाला कॅन्सर झाला होता. म्हणून छाती काढली. ती गोळी हाडांची नाही, कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. सुनीलनं उगाच लॅपटॉप अर्धा मिटला.

"खोटं," सिंधुबाई म्हणाल्या. "शेखर, खोटं बोलती ना ही?"

शेखरनं मान वर केली नाही. ज्या लेकाच्या चेहऱ्यावरून त्याला भूक लागलीय की ताप आलाय हे त्यांना लहानपणापासून कळायचं, त्याची ती खाली घातलेली मान त्यांना कळली. त्या मटकन सोफ्यावर बसल्या. पण गप्प बसणारी ती बाई नव्हेच.

"आन् तू चार वर्षं मुकी बसली? तुला तोंड नव्हतं?" त्या सुनेवरच फिरल्या.

"होतं की. ते तुमच्या शिव्या खायला लागत होतं."

"मला कळायला नको? माझं मरण होतं ते, तुमच्या बापाचं नव्हतं! मला कळलं असतं तर तेव्हाच गेले असते तेजूकडं. चार पोरीबाळींना भेटून घेतलं असतं. कुणाशी भांडायचं, कुणाशी नाय, ते बघून ठेवलं असतं. तुम्ही मला त्याचाबी विचार करू दिला नाय. गायीला खाटकाकडं नेताना कुणी सांगतं का, तशी नेली मला!"

"शपथ तुमच्या लेकानं घातली. सही मी केली नसती तर आज तुम्ही माझ्यावर ओरडायला नसतात. आणि तुम्ही काय केलंत? माझ्या आईला भरल्या पानावरून उठवलंत."

"मला काय ठाऊक?"

"आता ठाऊक झालं ना?" उज्वलानं टीपॉयवरचा फोन उचलून सासूपुढे धरला. "लावा लंकामावशींना. ज्यांच्या मांडवात बोललात त्यांना आधी सांगा. माझ्यादेखत सांगा."

"वहिनी, नंतर..." सुनील पुटपुटला.

"नंतर नाही. चार वर्षं नंतरच चाललंय."

सिंधुबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर फोन टाकून पळाली असती. मग त्यांनी फोन घेतला. कमी ऐकू यायचं म्हणून त्या नेहमी स्पीकरवरच बोलायच्या.

"लंके, नीट ऐक. मी उज्वलेला नावं ठेवत होते, ते खरं नव्हतं. मला कॅन्सर झाला होता."

"अगं बाई! अक्का, तुला कुणी सांगितलं?" लंकाबाईचा आवाज आला. "शेखरनं आम्हाला तेव्हाच बजावलं होतं ना, अक्काला कळू द्यायचं नाय म्हणून. जपलं गं आम्ही सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"म्हणजे... आपल्या भावकीत कुणाला ठाऊक नाय? तुला तेवढं नव्हतं."

सिंधुबाईंचा सुजलेला हात मांडीवर पडला. "मग पंगतीत मी बोलले तवा तुम्ही माना कशाला डोलावत होत्या गं?"

"म्हटलं बोलू द्यावं. तुझं मन मोकळं होत होतं."

"आन् हिचं? हिच्या आईचं?"

"आता सुना काय अक्का, ऐकून घेतातच की."

सिंधुबाईंनी फोन बंद केला. पंगतीत ज्यांच्यापुढे त्या सुनेला धूत होत्या, ते सगळे खरं माहीत असून त्यांचं ऐकत होते, वर माना हलवत होते. चार वर्षं भावकीनं त्यांचं हसं करून ठेवलं होतं आणि त्याला माया म्हणत होती.

उज्वला मात्र नवऱ्याकडे बघत होती. "अख्ख्या विंचूरला सांगितलंत? आणि माझ्या आईला सांगायला मला देवीची शपथ?"

"ती आपली माणसं होती," शेखर कसाबसा म्हणाला.

"आणि माझी आई कोण होती?"

"सुनील," सिंधुबाई म्हणाल्या, "ती दुसरी. ज्याच्यात खरं सांगावं लागतं ती. लाव तुझ्या डॉक्टरला."

सुनीलनं खटपट केली तेव्हा कंपनीतून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. शेखरनं फोनला हात घातला, तो सिंधुबाईंनी झटकला. आजार सांगितला, ऑपरेशन सांगितलं, शेक सांगितले. गोळीचं नाव उज्वलानं पाकिटावरून मोठ्यानं वाचलं, ते त्यांनी जमेल तसं म्हटलं.

"कधी कळलं हे तुम्हाला?" पलीकडून विचारलं.

"झालं चार वर्षांपूर्वी, डॉक्टरबाई. कळलं आत्ता. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचं पत्र उद्या पाठवायला सांगितलं. उपचार होऊन बराच काळ गेलाय, तब्येत चांगली आहे, पत्र ठीक असेल तर पॉलिसी मिळेल, पण पत्र बघितल्याशिवाय शब्द देता येत नाही, म्हणाल्या. म्हणजे जाणं अजून टांगणीलाच होतं. सुनील लॅपटॉप गुंडाळून चहा न घेता निघून गेला.

सिंधुबाई उठल्या. निवडलेला डिंक त्यांनी डब्यात भरला.

"उज्वले, साडी बदलते. तुझ्या आईकडं जायचंय, सिन्नरला."

"फोन करा ना."

"फोनवर नाय. बोलले होते भर पंगतीत. त्यांच्या दारात उभी राहून सांगेन. त्यांनी पाणी दिलं तर पिईन, नाय दिलं तर तशीच फिरेन." मग त्यांना पुन्हा राग आला. "आन् मी तुला माफ केलं असं समजू नको. तूबी मला फसवलंय."

"मीही केलेलं नाही तुम्हाला."

"बरं. कात्री आण. बाही रुतायला लागली."

उज्वलानं कात्री आणली आणि सासूच्या बाहीची शिवण बोटभर उसवली. तेवढ्यात शेखर उठला, त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि म्हणाला, "चला, मी सोडतो."

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.