पाचवा टोडा

शिडीवर चढलेल्या तपासनीस बाई लहानशा हातोडीने एकेक टोडा वाजवून बघत होत्या, आणि खाली म्हाताऱ्या गवंड्याचा जीव टांगणीला लागला होता.

टोडा म्हणजे छज्जा पेलणारा कोरीव दगड. त्याच्या लेकीच्या शिवणकामाच्या दुकानावर असे सात होते. जुन्या बाजारपेठेतली ही इमारत जतनाच्या यादीत राहते की नाही, ते आज ठरणार होतं. बाद झाली की मालक ती पाडायला मोकळा, आणि लेक मशीनसकट रस्त्यावर.

पहिले चार टोडे खणखणले. पाचवा बद्द वाजला.

"हा दगड नाही, चुन्याचा आहे," बाई म्हणाल्या.

शिडीपाशी उभ्या मालकाची कळी खुलली. "लिहा बाई, नकली!"

"बाबा, तुम्ही गप्प बसा हं," लेक पुटपुटली.

पण गवंड्याच्या तोंडून निघालंच. "मी बसवलाय. तीस वर्षं झाली. मूळचा तडकून खाली आला होता."

"उघड दुरुस्ती चालते, आजोबा. लपवलेली नाही. खूण कुठाय?"

नवा तुकडा बसवला की मागे साल कोरायचं, म्हणजे पुढचा कारागीर फसत नाही, ही गवंड्यांची रीत. पण तेव्हा त्याला आकडाही काढता येत नव्हता, आणि मुकादमाला विचारायची लाज वाटली. म्हणून ओल्या चुन्यात अंगठा दाबला होता. इथेच ना? की दुसऱ्या कुठल्या कामावर?

"वळणामागच्या पोकळीत बघा. अंगठा असेल."

"घ्या! अंगठेबहाद्दराचा पुरावा," मालक म्हणाला.

बाईंनी आत आरसा सरकवला, बॅटरी लावली.

"कोळिष्टकं आहेत नुसती."

लेकीने बापाची बाही घट्ट धरली. बाईंनी फुंकर मारली. पुन्हा वाकल्या.

"ठसा आहे. मधोमध तिरकी चीर आहे."

गवंड्याने उजवा अंगठा वर धरला. तरुणपणी छिन्नी लागली होती, तो व्रण तसाच तिरका होता.

उरलेले दोन टोडे खणखणले. खाली उतरून बाईंनी कागदावर 'दुरुस्ती, खूण सापडली' असं लिहिलं. गवंड्याने खिशातून पेन काढलं. "सही करतो. साठीत शिकलोय."

"सही कराच. पण शेजारी अंगठाही हवा. तोच जुळवायचाय."

मालक कधी निघून गेला, कुणी पाहिलं नाही.

"आता शाईचा हात कापडांना लावू नका," लेक डोळे पुसत खेकसली.