दोघांना टाक्या किती?

चष्म्याचं दुकान चालवणारी सून आणि लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेले सासरे, अशी ही समुद्रात बुड्या मारणारी जोडी. नवऱ्याला बादलीभर पाण्याचीही धास्ती, म्हणून डायव्हिंगचा कोर्स तिनं सासऱ्यांबरोबर केला. पाठीवरच्या हवेच्या भाड्याच्या टाक्यांना कंटाळून दोघांनी स्वतःची एकेक घेतली, आणि घरात वाद पेटला.

"आणखी दोन हव्यात," सासरे म्हणाले. "एक टाकी म्हणजे एक बुडी. मग हवा भरायला गावभर फिरा. तोवर दिवस मावळतो."

"बाबा, महिन्यातून एकदा तर जातो आपण. दर वर्षी तपासून घ्या, लिफ्टमधून वर-खाली न्या. एकेक पुरे."

"गॅसचा सिलिंडर आहे तेवढा बास," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझ्या घराचं गोदाम करू नका."

त्या रविवारी तिघंही समुद्रावर गेले. सासूबाई थर्मास घेऊन छत्रीखाली बसल्या.

खाली बराच वेळ नुसती वाळू. मग खडकांचा उतार लागला आणि एकाएकी उजेड कमी झाला. ढग आला असेल म्हणून सुनेनं वर पाहिलं. श्वास कधी रोखायचा नाही, हा कोर्सचा पहिला धडा; ती तो साफ विसरली.

डोक्यावरून एक चपटा पाकट मासा चालला होता. त्यांच्या बैठकीच्या खोलीएवढा. त्याचे पंख हलत होते की सगळा समुद्रच हलत होता, कळेना. तो सावकाश वळला आणि पुन्हा आला, इतका जवळ की त्याचा डोळा दिसला. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी ती. आज कुणीतरी तिला निवांत पाहून घेत होतं. शेजारी सासऱ्यांनी चक्क हात जोडले होते.

तेवढ्यात तिची नजर टाकीच्या काट्यावर गेली. हवा संपत आली होती. तिनं अंगठा वर केला: वर चला. सासऱ्यांनी मान हलवली, नाही. तिनं डोळे वटारून पुन्हा खूण केली, तेव्हा कुठं ते निघाले, खाली वळून वळून बघत.

किनाऱ्यावर सासरे वाळूतच बसले. एरवी भिंतीशीही गप्पा मारणारा माणूस, पण चहाचा कप हातात तसाच.

"अहो, काय झालं? कुठं दुखतंय का?"

"तो अजून खाली आहे," ते कसंबसं म्हणाले. "आणि आमची हवा संपली."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात ताणून पसरले, आणि मान हलवली: छे, याहून कितीतरी मोठा.

सासूबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला यांची बोलती बंद करता आली नाही. लग्नात दोनाचे चार हात झाले, आता टाक्यांचंही होऊ द्या. पण चारच हं. पाचवी आली तर मी बाहेर."

पुढच्या महिन्यात चार टाक्या घेऊन गेले. पहिल्या बुडीत काही नाही. किनाऱ्यावर विसावा घेऊन दोघं पुन्हा उतरले. पाकट दिसला नाही. पण खडकाआडून बारीक चंदेरी मासे आले, आणखी आले, येतच राहिले. वर, खाली, चहूकडे तेच. एक मासा वळला की सगळे वळत, आणि पाणी लख्ख उजळून जाई. दोघं मधोमध तरंगत राहिले.

वर आल्यावर सासरे हळू आवाजात म्हणाले, "हे रोज चालू असतं गं. आपण इमारतीत खाली लिफ्टची वाट बघत उभे असतो ना, तेव्हासुद्धा."