शंकररावांचा आवाज

पाहुण्याला दिलेल्या स्टीलच्या ग्लासात पाणी उरलं होतं, दोन घोट असतील... आणि भागूबाई नुसत्या बघत बसल्या होत्या. इतकी वर्षं पाणी दिसलं की शंकरराव दिसायचे — शत्रूच्या छावणीत, घसा कोरडा पडलेले, आणि कुणीतरी भरली बादली लाथेनं उलथवतंय. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. लढाई संपल्यावर फौजेकडून एवढंच कळलं होतं, की कैदेत असताना मृत्यू. बाकीचं भागूबाईंनीच मनात रचलं, रोज थोडं थोडं, लेक रोशनी पोटात होती तेव्हापासून.

आणि आज लक्ष्मणराव आले. शंकररावांच्या पलटणीतले, त्यांच्याबरोबर पकडले गेलेले. आता इथं जवळच, कुकटपल्लीत, नव्यानं निघालेल्या कारखान्यात सिक्युरिटीला लागलेले. विहारात कुणीतरी भागूबाईंचं नाव घेतलं, तसे विचारत विचारत घरी आले.

"ताप होता, वहिनी. न्यूमोनिया. त्यांचा डॉक्टर बघून जायचा."

"पाणी... मागत होते?"

"मागायचं कशाला? मी उशाशीच होतो. चमच्यानं पाजायचो. झोपेतच गेला तो."

लक्ष्मणराव निघून गेल्यावर भागूबाई रडल्या नाहीत. खांदे सैल पडले, भूक लागली — भूक! — आणि त्या भुकेची थोडी लाजही वाटली. ताटात भात वाढून घेतला आणि अंबाडीची भाजी चवीनं खाल्ली.

रोशनी ऑफिसातून आली. "आई, अंधारात का बसली? क्या हुआ?"

"काही नाही गं. तुझ्या बाबांचे दोस्त आले होते."

सांगता सांगता लक्ष्मणरावांचं एक वाक्य आठवलं आणि त्या थांबल्या — काय गायचा हो शंकर, सगळी बराक गप्प व्हायची!

पण हे तर कधीच गात नसत. विहारात वंदनेलाही नुसते ओठ हलवायचे. मग तो दुसराच कुणी शंकर असेल? की माझ्याकडे बघून लक्ष्मणरावांनी गोड करून सांगितलं? की तिथं, चार भिंतींत, ह्यांना खरंच गावंसं वाटलं असेल... रविवारी विहारात भेटतील, विचारता येईल. विचारावं?

"कैसे थे, बाबा?" रोशनी विचारत होती.

भागूबाईंनी डोळे मिटले. शंकररावांच्या वाळून गेलेल्या त्या ओठांतून आज, इतक्या वर्षांनी, आवाज निघत होता — बेसूर, जाडाभरडा, अगदी त्यांचाच.

"गायचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं.