वालाची खळ

रुख्मिणीने पातेल्यावरचं फडकं उचललं आणि नाक खाली नेलं. आंबट वास आला. पण नासल्याचा नव्हे, रात्रभर ठेवलेल्या आंबिलाला येतो तसला. तिने चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन चाटलं, डोळे मिटून क्षणभर थांबली, आणि मग एकटीच हसली. तिसऱ्या खेपेला जमणार असं दिसत होतं.

पहिल्या खेपेला तिने चण्याची डाळ वाटली होती. कितीही लाडात घेतली तरी ती शेवटी पिठलंच झाली. दुसऱ्या खेपेला मुगाची केली, तर कच्चट वास काही जाईना. मग तिने पांढरे वाल भिजवले, एकेक दाणा बोटांत दाबून सालीतून सोडवला, मऊ शिजवला, पाट्यावर लोण्यासारखा वाटला आणि आंबायला ठेवून दिला. शेजारच्या अंजनाबाई दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, "काहून वं, वालाचे एवढे कपडे उतरवून राहिली?" रुख्मिणीने नुसतं हसून घेतलं. सांगणार काय? पोरीला चीज खायला घालायचं आहे, आणि तेही दुधाशिवाय, हे ऐकून अंजनाबाईंनी साऱ्या मोहल्ल्यात दवंडीच पिटली असती.

सिंधूला दूध चालत नव्हतं. दुधाचा थेंब पोटात गेला की अंगभर गांधी उठत. शेंगदाण्याने तर श्वासच अडके. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कायमचं बंद केलं होतं. गेल्या महिन्यात रेल्वे क्वार्टरातल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोरगी गेली. तिथे सगळ्या मुलींच्या बशीत मॅकरोनी आणि तिच्यावर पिवळसर पांढरा दाट रस्सा. सिंधूच्या बशीत एक केळं. घरी येऊन ती रडली नाही की रुसली नाही. फ्रॉक बदलता बदलता तिने एवढंच विचारलं, "आई, मी मोठी झाली का मग खाईन?" ती रडली असती तर बरं झालं असतं, असं रुख्मिणीला तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती त्या मैत्रिणीच्या आईकडे जाऊन रश्शाची सगळी रीत विचारून आली. मैदा, लोणी, दूध, डब्यातलं चीज. यातलं मैद्याखेरीज काहीच उपयोगाचं नव्हतं. पण दाट, गुळगुळीत आणि जरा आंबूस एवढं तर तिला कळलं होतं.

उद्या सिंधूला सात वर्षं पुरी होणार होती. पाच मैत्रिणी येणार होत्या. सगळ्यांच्या बशीत एकच पदार्थ पडायचा, सिंधूच्या बशीत वेगळं काही नाही, असं रुख्मिणीने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणूनच एवढं केलं होतं, आणि एवढं मावायला सासूचा खळ शिजवायचा मोठा पितळी गंज खाली काढला होता. सासू तीन वर्षांपूर्वी गेली, आणि घरचा माग बंद पडल्यापासून तो खुंटीलाच होता.

तिने चूल पेटवली. तेलात हिंग आणि मैदा परतला, वालाचं वाटण पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घेतलं आणि एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने ढवळायला लागली. हे ढवळणं तिला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. कोष्ट्याच्या घरात सून म्हणून आल्यावर पहिल्या वर्षी तिने दुसरं केलं काय होतं? सुताला लावायची खळ शिजवायची, आणि सासू म्हणे, एक गाठ राहिली तर एक धागा तुटतो. सासूची शिस्त कडक. पण खळीत गाठ कशी ती राहत नसे.

पाठीमागे चाहूल लागली. शालिकराम, तिचे सासरे, देवळातून आले होते. ते सैपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले. एरवी ते सरळ पुढच्या खोलीत जात. तिथे त्यांचा माग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायाखालच्या पावड्या दाबायच्या. चाळीस वर्षं ते त्या खड्ड्यात बसले. आता आठ महिने माग बंद होता. विणकर सोसायटीकडून सूत येईना, बाजारातलं परवडेना, आणि ज्यांच्यासाठी लुगडी विणायची त्या बायकाही गिरणीचं पातळ नेसू लागलेल्या. तरी ते रोज सकाळी माग पुसत. ओमप्रकाशने, त्यांच्या मुलाने, त्यांना सांगून ठेवलं होतं, "दिवाळी होऊ द्या बाबा, सूत आणून देतो." दिवाळी होऊन संक्रांतही गेली.

"गाठी नाई झाल्या ना?" शालिकरामांनी विचारलं.

"नाई मामाजी."

ते आत आले, गंजाशी वाकले. रुख्मिणीने पळी उचलली तशी पांढरी धार न तुटता खाली आली. म्हाताऱ्याने एक थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळून पाहिला. मग अंगठा हळूच सोडवला.

"तुया सासूचाच हात आहे तुले," ते म्हणाले.

रुख्मिणीला फार बरं वाटलं. सासऱ्यांनी आजवर तिच्या सैपाकाला कधी वाईट म्हटलं नव्हतं, पण चांगलंही म्हटलं नव्हतं. ती तोंड फिरवून चुलीतलं लाकूड सारायला लागली. शालिकराम काहीतरी विचारतील असं तिला वाटलं. टोपी घालून ते पुन्हा बाहेर पडले. परत आले तेव्हा त्यांच्या चालीत वेगळाच जोर होता. जेवताना एक भाकरी जास्त मागून घेतली आणि सिंधूला गुदगुल्या करून हसवलं.

ते पाहून रुख्मिणीने नजर परातीकडे वळवली. कारण सोमवारी गवंडी येणार होता. खोलीतली ओल आणि सुताची तूस पोरीच्या छातीला वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. माग काढायचा, खड्डा मुरूम टाकून बुजवायचा, वर फरशी घालायची, असं नवराबायकोंनी ठरवलं होतं. सासऱ्यांना मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं. ओमप्रकाश रेल्वेच्या टपालाच्या डब्यात सॉर्टर. तीन दिवसांसाठी निघताना चपला घालत म्हणाला होता, "मी आल्यावर सांगतो." कठीण काम आलं की तो नेमका गाडीवर असे. आणि रुख्मिणीचं तरी काय वेगळं होतं? तिच्यात धमक असती तर तिने केव्हाच सांगितलं असतं.

रविवारी उजाडता उजाडता गल्लीत माणसांचा आवाज आला. रुख्मिणीने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

गल्लीच्या दोन टोकांना बांबूच्या फुलीसारख्या कैच्या रोवल्या होत्या. गल्लीतले जुने कोष्टी मारोतराव धोतर वर खोचून दोर ताणत होते. नत्थूजी, पलीकडचे आनंदराव आणि आणखी दोघे म्हातारे भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येकाच्या हातात गवती मुळांचा रुंद कुंचा, रात्रभर भिजवून मऊ केलेला. पांजणीला येतात तसे सगळे आले होते. पांजणी म्हणजे गल्लीभर उभ्या धाग्यांचा ताणा पसरून त्याला खळ लावायची, ऊन चढायच्या आत, दोन्ही अंगांनी कुंचे चालवत. हे एका घरच्या माणसांचं काम नव्हे. ज्याच्याकडे पांजणी त्याच्याकडे सारी गल्ली येई, निरोप आला की कुणी नाही म्हणत नसे. पण या गल्लीत वर्षभरात पांजणी झाली नव्हती. मारोतराव तर आता लाकडाच्या वखारीवर चौकीदारी करत. आज ते नवरदेवाकडच्या माणसासारखे खुशीत होते.

"चाल वं सूनबाई, खळ आन बाहेर!" ते ओरडले. "आन ताना कुठं आहे? ऊन चढून राहिलं."

शालिकराम मागाच्या खोलीतून बाहेर आले. धुतलेली बंडी, हातात त्यांचा स्वतःचा कुंचा.

"सूत कुठं ठेवलं ओमप्रकाशनं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मी पाह्यलं, दिसलं नाई. म्हटलं तुमच्या खोलीत असन."

रुख्मिणीला सगळं एकदम कळलं. तो गंज. चोळून पाहिलेला थेंब. ती जास्तीची भाकरी. खोटं बोलता आलं असतं तर ती त्या क्षणी वाटेल ते खोटं बोलली असती, पण ताणा काही खोट्याने आणता येत नाही.

"मामाजी," ती म्हणाली, "ते खायचं आहे. सिंधूसाठी केलं. वालाचं."

तिला वाटलं, आपण हळू बोललो. पण सगळ्यांनी ऐकलं हे उघड होतं. नत्थूजी हातातल्या कुंच्याकडे पाहू लागले. आनंदरावांना खोकला आला. मारोतरावांच्या हातातला दोर सैल पडला.

शालिकरामांनी कुंचा या हातातून त्या हातात घेतला. त्यांचा चेहरा रुख्मिणीला पाहवेना. मग त्यांनी घसा साफ केला आणि गल्लीकडे वळून मोठ्याने म्हणाले,

"पाह्यता काय? मांडवात आल्यावानी उभे राह्यले. माग उतरवाचा आहे. एकट्याले उचलत नाई तो."

कुणी हललं नाही. यांना हे सांगितलं कुणी, रुख्मिणीला कळेना.

"पोरीच्या छातीले ओल बाधते," ते म्हणाले. "खोली मोकळी कराची आहे. माग उतरवाले या म्हटलं असतं, तर आले असते का तुमी?"

मारोतरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग दोर गुंडाळायला लागले.

"नसतो आलो गा," ते म्हणाले, आणि आपला कुंचा भिंतीला उभा करून चौकटीतून आत शिरले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीचे गेले.

तासाभरात माग सुटा झाला. फणी, पावड्या, तुळया, एकेक बाहेर येऊन भिंतीशी लागत गेलं. कुणी फारसं बोलत नव्हतं. "जरा डावीकडे", "सांभाळून", एवढंच. रुख्मिणीने चहा केला. मारोतरावांनी तो उभ्याउभ्या घेतला आणि कप परत देताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरीले आशीर्वाद सांग." आपापला कुंचा उचलून सगळे गेले. बांबूच्या कैच्या नत्थूजींनी उपटून नेल्या.

दहा वाजता मैत्रिणी आल्या. सहाही बशांत मॅकरोनी आणि सहाही बशांवर तोच रस्सा. एका मुलीने विचारलं, हे कोणत्या दुकानातलं चीज? सिंधूने आईकडे पाहिलं आणि छाती फुगवून सांगितलं, "आमच्या घरचं!" तिने दोनदा मागून घेतलं. अंगावर काही उठलं नाही, श्वास अडकला नाही. एवढ्याचसाठी रुख्मिणीने सगळा आटापिटा केला होता. पण घास भरणाऱ्या पोरीकडे पाहताना तिचा जीव पुढच्या खोलीत होता, आणि आपल्याला आज धड आनंदही होऊ नये याचा तिला राग येत होता. राग कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

मुली गेल्यावर तिने एक बशी भरली आणि पुढच्या खोलीत गेली. भिंतीवर मागाच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. शालिकराम खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसले होते. समोर मागच नसल्यामुळे त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

त्यांनी बशी घेतली. सावकाश, बोटांनी, सगळं खाल्लं.

"बरं झालं आहे," ते म्हणाले. "पोरीनं खाल्लं?"

"दोनदा घेतलं."

"मंग झालं."

रुख्मिणी रिकामी बशी घेऊन तिथेच खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मामाजी, तुमाले आधीच सांगाले पाहिजे होतं मी. खड्ड्याचं. सोमवारी गवंडी..."

"ठाऊक आहे मले," शालिकराम म्हणाले. "पंधरा दिवस झाले. तो गवंडी मलेच विचारून गेला, मुरूम कोन्या अंगानं उतरवू म्हणून."

रुख्मिणीने मान वर केली. एवढे दिवस ते रोज सकाळी माग पुसत होते.

"मंग काल साऱ्यांले निरोप..." तिने बशी खाली ठेवली.

म्हाताऱ्याने खड्ड्यात लोंबणारे पाय जवळ घेतले.

"काल तो गंज पाह्यला चुलीवर," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमचा विचार बदलला."